साथीत कोण थांबलं? स्टार्कचं गणित आणि सिप्रियनची भीती

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू पॉझिटिव्ह आल्या. त्यांचा डबा मी न्यायचो. दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा, बेल दाबायची आणि दार उघडायच्या आत जिना उतरायचा. एकदा काकूंनी आतूनच हाक मारून विचारलं, "अरे, भाजी कसली आहे आज?" मी तेव्हा अर्ध्या जिन्यात होतो. थांबून "गवार" एवढं म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण मी तोंड उघडलं नाही, खाली आलो आणि साबणानं हात धुतले.

हे सांगायचं कारण असं की आज ज्या पुस्तकाबद्दल लिहितोय ते वाचताना हा जिना सारखा आठवत होता. पुस्तक जुनं आहे. रॉडनी स्टार्क या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं 'द राइज ऑफ ख्रिश्चॅनिटी', १९९६ चं. साथी आणि धर्म यांवर काम करणाऱ्या कुणालाही त्यातलं चौथं प्रकरण चुकवता येत नाही. माझ्या गाईड मॅडमनी पहिल्याच वर्षी हातात दिलं आणि म्हणाल्या, "आवडेल तुला. म्हणूनच सांभाळून वाच."

आधी स्टार्कचं म्हणणं थोडक्यात. इसवी सन ४० मध्ये सगळे मिळून हजार ख्रिस्ती होते असं धरा, आणि दर दहा वर्षांनी ही संख्या चाळीस टक्क्यांनी वाढली असं धरा. मग ३०० सालापर्यंत ती साठ लाखांच्या पुढे जाते आणि ३५० पर्यंत तीन कोटींच्या वर. म्हणजे चमत्कार किंवा एका रात्रीत झालेली सामूहिक धर्मांतरं वगैरे मानायची गरजच नाही, चक्रवाढ व्याज पुरेसं आहे. प्रश्न एवढाच उरतो की दर दशकाला चाळीस टक्के आले कुठून? त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर म्हणजे साथी.

रोमन साम्राज्यात दोन मोठ्या साथी आल्या. पहिली १६५ मध्ये सुरू झाली आणि पंधराएक वर्षं रेंगाळली. दुसरी २४९ च्या सुमारास आली. तिला आज 'सिप्रियनची साथ' म्हणतात, कारण कार्थेजच्या सिप्रियन नावाच्या बिशपनं तिचं वर्णन लिहून ठेवलंय. स्टार्क म्हणतो की या साथींत पेगन लोक पळाले आणि ख्रिस्ती थांबले. थांबून त्यांनी फार मोठं काही केलं नाही. पाणी दिलं, खायला दिलं, अंग पुसलं. पण तापानं आडव्या झालेल्या माणसाला नुसतं पाणी आणि पेज वेळेवर मिळाली तरी वाचण्याची शक्यता खूप वाढते. स्टार्कच्या अंदाजानं मृत्यूचं प्रमाण दोन तृतीयांशानं खाली येतं.

मग तो एक काल्पनिक शहर घेतो. दहा हजार वस्ती, त्यात फक्त चाळीस ख्रिस्ती. साथीत पेगनांतले तीस टक्के मेले आणि ख्रिस्त्यांतले दहा टक्के. हिशेब तुम्हीही करून बघा: उरले ३६ ख्रिस्ती आणि ६,९७२ पेगन. आधी एका ख्रिस्त्यामागे २४९ पेगन होते, आता साधारण १९४. एकाचंही धर्मांतर न होता प्रमाण बदललं! त्यात भर म्हणजे ज्याचं सगळं घर गेलं आणि ज्याला शेजारच्या ख्रिस्ती बाईनं पाणी पाजून वाचवलं, त्याची उरलेली नाती कुणाशी? स्टार्कनं तरुणपणी जॉन लॉफलंडबरोबर मून पंथात जाणाऱ्या लोकांचा अभ्यास केला होता. त्यात त्यांना दिसलं होतं की माणूस तत्त्वज्ञान पटलं म्हणून पंथात जातो त्यापेक्षा जवळची माणसं तिथे आहेत म्हणून जास्त जातो. तेच सूत्र तो इथे लावतो.

मांडणी देखणी आहे, यात वादच नाही. आणि एक गोष्ट तिच्या बाजूनं आधीच सांगतो, कारण पुढे मी तिच्यावर बरीच टीका करणार आहे. समाजशास्त्रातले बरेच लोक श्रद्धेला 'वरचा मुलामा' समजतात, खरी कारणं आर्थिक किंवा राजकीय. स्टार्क तसं करत नाही. लोक काय मानत होते यानं फरक पडला, असं तो ठामपणे म्हणतो. रोमन देवांना नैवेद्य हवा होता, बळी हवा होता. तुम्ही शेजाऱ्याशी कसे वागता याच्याशी त्या पूजेचा फारसा संबंध नव्हता. देवावरची प्रीती माणसावरच्या प्रीतीतून सिद्ध करायची, ही जोडणी त्या जगात नवी होती. (मराठी बायबलमध्ये इथे 'प्रेम' नाही, 'प्रीती' हा शब्द आहे. तो 'भीती'शी यमक जुळवतो, हा निव्वळ योगायोग. पण योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय वाचताना कानाला तो जाणवतोच.)

आता पुराव्याकडे या. 'पेगन पळाले, ख्रिस्ती थांबले' हे आपल्याला कळतं कशावरून? मुख्यतः अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याच्या एका पत्रावरून. २६० च्या आसपासचं हे पत्र, ईस्टरच्या निमित्तानं आपल्याच मंडळींना लिहिलेलं, युसीबियसच्या इतिहासग्रंथात राहिलं म्हणून टिकलं. आमच्यातल्या चांगल्या चांगल्या माणसांनी स्वतःची पर्वा न करता आजाऱ्यांची सेवा केली आणि त्यांच्याबरोबर मेले, ते मरण रक्तसाक्षीच्या तोडीचं, असं डायोनिशियस लिहितो. आणि पेगन लोकांनी मात्र आपली जिवंत माणसं रस्त्यावर टाकली. आता तुम्हीच सांगा, संस्थेच्या प्रमुखानं संस्थेच्या सणाला संस्थेच्या सभासदांना लिहिलेलं पत्र आपण एरवी कसं वाचतो? त्यातलं पहिलं वाक्य खोटं असेल असं मी म्हणत नाही. सेवा करताना कोण कोण गेलं हे वाचणाऱ्यांना माहीत होतं, तिथे थाप मारणं अवघड. पण दुसरं वाक्य, शेजाऱ्यांबद्दलचं, तपासायला कुणी बसलं नव्हतं. पेगन घरांत आईनं मुलाचं डोकं मांडीवर घेतलं असेल तर ते कोण लिहून ठेवणार? आणि लिहिलं असतंच तर ते नकलून पुढच्या शतकांत पोचवणारे बहुतेक हात ख्रिस्तीच होते.

पेगन साथीत कसे वागतात याला आधार म्हणून स्टार्क थ्युसिडिडीसकडे जातो. इसवी सनापूर्वी ४३० मधल्या अथेन्सच्या साथीचं त्याचं वर्णन प्रसिद्ध आहे. सात शतकांची उडी आहे, पण तीही सोडून देऊ. मला खटकलं ते वेगळंच. थ्युसिडिडीस म्हणतो की लोक एकमेकांकडे जायला घाबरले आणि माणसं एकटी मेली. हे स्टार्क घेतो. पण त्याच ठिकाणी थ्युसिडिडीस असंही म्हणतो की ज्यांना पळण्याची लाज वाटली, जे मित्रांच्या घरी गेले, ते सगळ्यांत जास्त मेले. म्हणजे तिथेही थांबणारे होते! स्वर्गाचं आश्वासन नसताना, केवळ लाजेपोटी. त्यांच्याबद्दल स्टार्कच्या गणितात रकाना नाही.

थ्युसिडिडीस तिसऱ्याही एका गटाची नोंद करतो: आजारातून उठलेले. त्यांना सगळ्यांत जास्त कणव होती, कारण दुखणं काय असतं ते माहीत होतं आणि आता स्वतःबद्दल भीती नव्हती, दुसऱ्यांदा ते जिवावर बेतत नव्हतं. आजच्या भाषेत प्रतिकारशक्ती. स्टार्कलाही हा मुद्दा माहीत आहे. साथीतून वाचलेले ख्रिस्ती आजाऱ्यांत बिनधास्त वावरत असतील आणि बघणाऱ्यांना ते दैवी वाटत असेल, असं तो म्हणतो. बरोबर आहे. पण मग त्या निर्भयतेचा किती भाग श्रद्धेचा आणि किती रक्तातल्या प्रतिकारशक्तीचा, हे वेगळं काढायला हवं होतं. ते तो करत नाही.

इथपर्यंतची टीका इतरांनीही वेगवेगळ्या शब्दांत केलेली आहे. माझा खरा झगडा पुढच्या गोष्टीशी आहे. स्टार्कचे ख्रिस्ती घाबरतच नाहीत. त्यांना परलोकाची खात्री आहे, म्हणून मरणाची किंमत कमी, म्हणून सेवा परवडते. नफ्यातोट्याचा ताळेबंद. पण सिप्रियन काय लिहितो ते बघा. २५२ च्या सुमारास त्यानं एक छोटा ग्रंथ लिहिला, मरणाबद्दल. तो कुणासाठी? आपल्याच मंडळीतल्या घाबरलेल्या लोकांसाठी. साथ पेगनांना लागते तशी आपल्यालाही का लागते, असं विचारणारे ख्रिस्ती त्यात आहेत. आपण रक्तसाक्षी व्हायला तयार होतो, असं अंथरुणावर मरून ती संधी जाणार, अशी कुरकुर करणारेही आहेत. म्हणजे जी निर्भयता स्टार्क गृहीत धरतो तीच सिप्रियनला बाबापुता करून लोकांत आणावी लागत होती. ही साथ आपली परीक्षा आहे, धडधाकट लोक आजाऱ्यांना बघतात का, मालक आजारी गुलामांवर दया करतात का, वैद्य रुग्णांना सोडून जातात का, ते यात दिसणार आहे, असं तो बजावतो. जे आपोआप घडतं ते एवढं बजावून सांगावं लागत नाही.

आणि सांगणारा कोण? दोनच वर्षांपूर्वी, २५० मध्ये, सम्राट डेसियसनं फर्मान काढलं होतं की सगळ्यांनी देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. (असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेत. सरकारी कागदपत्रांना मरण नसतं हेच खरं.) कित्येक ख्रिस्त्यांनी निमूटपणे बळी दिला, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. सिप्रियननं यातलं काहीच केलं नाही. तो शहर सोडून लपला आणि तिथून पत्रं लिहीत राहिला. डायोनिशियसही तेव्हा घर सोडून निघाला होता, वाटेत पकडला गेला, आणि गावकऱ्यांनी सोडवल्यामुळे वाचला. दोघांनाही त्याबद्दल नंतर सफाई द्यावी लागली. म्हणजे ख्रिस्ती निर्भयतेचे आपले दोन मोठे साक्षीदार हे असे: भीती काय असते हे पायांनी अनुभवलेले.

हे वाचल्यावर सिप्रियन माझ्या मनात उतरला नाही, उलट जवळचा वाटला. पळून गेलेला माणूस परत येतो, त्याच शहरात साथ येते, आणि या वेळी तो थांबतो. त्याचा चरित्रकार पाँटियस सांगतो की फक्त आपल्यातल्यांना नाही, बाहेरच्यांनाही मदत करा, असा त्याचा आग्रह होता. बाहेरचे म्हणजे तेच, ज्यांनी नुकताच छळ केला होता. पुढे २५८ मध्ये पुन्हा छळ झाला तेव्हा तो लपला नाही, तलवारीखाली गेला. या आठ वर्षांत त्याच्यात काय झालं, हा प्रश्न दर दशकाला चाळीस टक्क्यांच्या आलेखावर बसवता येत नाही. पण 'श्रद्धेमुळे भीती जाते' या वाक्याचा अर्थ शोधायचा तर तो इथे शोधावा लागेल.

योहानाच्या ज्या वचनात प्रीती भीतीला हाकलते असं सांगितलंय, तिथे भीती कसली आहे तेही बघायला हवं. ती रोगाची किंवा शेजाऱ्याची नाही. संदर्भ न्यायाच्या दिवसाचा आहे, म्हणजे देवाच्या शिक्षेची भीती. साथीच्या काळात हा फरक छोटा नाही. आजार ही दैवी शिक्षा असेल तर आजारी माणूस शापित ठरतो आणि त्याला हात लावणं म्हणजे शापात वाटेकरी होणं. शिक्षेची कल्पनाच गळून पडली तर समोर फक्त तापलेलं, तहानलेलं शरीर उरतं. मला वाटतं स्टार्कनं परलोकाच्या बक्षिसावर जेवढा भर दिलाय त्यातला अर्धा तरी इथे द्यायला हवा होता. सेवा बक्षिसाच्या आशेनं सोपी होते त्याहून अधिक ती शिक्षेचा धाक उठल्यानं होते.

अर्थात माझ्या या वाचनाला सिप्रियनच सुरुंग लावतो! साथ ख्रिस्त्यांमुळे आली, त्यांनी देवांना नाराज केलं, असा आरोप करणाऱ्या देमेत्रियानस नावाच्या माणसाला त्यानं उत्तर लिहिलंय. त्यात तो म्हणतो की उलट, तुम्ही खऱ्या देवाला मानत नाही म्हणून हा कोप झालाय. आपल्यांसाठी परीक्षा, त्यांच्यासाठी शिक्षा. तेच शहर, तोच आजार, तोच लेखक. मॅडमना हे दाखवलं तर म्हणाल्या, "मग? वाद घालताना माणूस जे बोलतो आणि पाणी पाजताना जे करतो ते एकच असतं का?" हे उत्तर मला अजून पुरतं पटलेलं नाही.

शेवटचा एक मुद्दा, आपल्याकडचा. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पुण्याजवळ, दत्तक मुलगा डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच संसर्ग होऊन १० मार्चला त्या गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या, सत्यशोधक होत्या. स्टार्कचा बचाव करणारे म्हणतील की एका व्यक्तीनं सिद्धांत पडत नाही, तो मोठ्या संख्येबद्दल आहे. मान्य. पण सत्यशोधकांच्या निर्मिकाच्या कल्पनेतही सगळी माणसं एकाच निर्मात्याची लेकरं आहेत आणि स्पर्शानं कुणी बाटत नाही. ज्यांनी अस्पृश्यांसाठी घरातला हौद उघडला त्या घरातल्या बाईला प्लेगच्या रुग्णाला हात लावताना एक भीती तरी आधीच ओलांडून झालेली होती. तेव्हा तुलना 'ख्रिस्ती विरुद्ध बाकीचे' अशी न करता, कोणत्या श्रद्धेनं कोणती भीती आधी काढून टाकली होती, अशी केली तर जास्त हाती लागेल. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच दिशेनं चाललंय, निदान सध्या तरी.

तुम्हाला मुळातून वाचायचं असेल तर स्टार्कचं चौथं प्रकरण सुटं वाचलं तरी चालतं, भाषा सोपी आहे. पण त्याच दिवशी थ्युसिडिडीसच्या दुसऱ्या भागातली साथीची पानं वाचा, सात-आठच आहेत. आणि मग सिप्रियन. काकू आता ठणठणीत आहेत. मागच्या आठवड्यात जिन्यात भेटल्या तेव्हा मी त्यांना या पुस्तकाबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गवार होती ना रे ती? मीठ जरा जास्तच पडलं होतं."