‘पाव’ची गोड गोष्ट आणि गाईडचा प्रश्न

लादीचा चौथा हिस्सा, म्हणून ‘पाव’! ही व्युत्पत्ती तुम्हीही ऐकली असेल. मी तर ती प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात ठोकून दिली होती. गाईडनी समासात एकच शब्द लिहिला: ‘पुरावा?’

शोधायला बसले आणि गोष्ट तीन ठिकाणी तुटली.

पहिलं, वापर. लादीत चारच पाव असतात असं कुठंय? सहा, आठही असतात. सुटा भाजलेला कडक पाव तर लादीत नसतोच, तरी तो पावच. ‘पाव किलो’तला पाव संस्कृत ‘पाद’वरून आलाय, त्याचं घराणंच वेगळं.

दुसरं, इतिहास. आमच्या घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधलेला. खाडीपलीकडची वसई १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. म्हणजे दोनशे वर्षांचा शेजार. चावी, पगार, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आले. पण नुसता शेजार म्हणजे पुरावा नव्हे, हेही लक्षात ठेवा.

तिसरं आणि सगळ्यात भक्कम, तुलना. लॅटिन ‘पानिस’चं स्पॅनिशमध्ये ‘पान’ झालं. पोर्तुगीजमध्ये मात्र तो ‘न’ स्वरात विरघळला आणि ‘पांव’सारखा नाकातला उच्चार उरला. जपान्यांनीही हा शब्द पोर्तुगीजांकडूनच घेतला. त्यांना नाकातला आवाज ऐकू आला, ते ‘पान’ म्हणतात. आपल्याला शेवटचा ‘व’ ऐकू आला. बंगालीत ‘पाउरुटी’. आता सांगा, जपानमध्ये ‘पाव हिस्सा’ कुठून येणार?

मात्र नुसत्या सारखेपणावर भाळू नका. स्पॅनिश ‘पान’ आणि आपलं झाडाचं पान यांचा काही संबंध नाही. घोडबंदरमधलं ‘बंदर’ फारसी आहे, हिंदीतलं माकड नव्हे! दोन शब्द सारखे दिसले, तर ध्वनी कसा बदलला, शब्द कुठल्या वाटेने आला आणि शेजारच्या भाषांत त्याचं काय झालं, हे तिन्ही विचारा.

मग ती गोड गोष्ट फेकून द्यायची? नाही. परका शब्द लोक आपलासा कसा करतात, याचा तो चांगला नमुना आहे. मी ती व्युत्पत्तीच्या प्रकरणातून काढली आणि लोकसमजुतींच्या प्रकरणात घातली. गाईडनी तिथे काही लिहिलं नाही.