काष्ठठसा : संहितेचा अनुवाद की भाष्य?

धार्मिक काष्ठठशांना ‘निरक्षरांचे बायबल’ म्हणण्याची प्रथा समीक्षेत रूढ आहे. तिचे मूळ पोप पहिला ग्रेगरी याने इ. स. ६००च्या सुमारास मार्सेयच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात सापडते. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांनी चित्र वाचावे, असे त्याचे प्रतिपादन होते. प्रबोधनकालीन जर्मन ठशांना हीच भूमिका लावली, की संहिता अगोदर व चित्र नंतर असा श्रेणीक्रम आपण गृहीत धरतो. प्रत्यक्ष ठसे या गृहीतकाला दाद देत नाहीत.

काष्ठठशात रेषा कोरली जात नाही. ती शिल्लक ठेवली जाते. फळीवरील रेखाटनाच्या भोवतीचे लाकूड सुरीने काढून टाकले, की रेषा उठावाने उरते. छपाईचे खिळेही उठावाचेच असल्यामुळे ठसा व मजकूर एकाच चौकटीत बसवून एकाच दाबात छापता येतात. ताम्रपटावरील कोरीव चित्राची शाई खाचांत असते. त्याला वेगळे यंत्र लागते. पुस्तकाशी काष्ठठशाचे सख्य जडले ते या कारणाने. कोबर्गरने १४८३ साली न्यूरेंबर्ग येथे छापलेल्या जर्मन बायबलात ठसे मजकुरातच बसवलेले आहेत.

ड्यूररच्या १४९८च्या ‘अपॉकलिप्स’ने ही मांडणी बदलली. येथे पंधरा ठसे पानभर पसरतात आणि योहानाच्या प्रकटीकरणाची संहिता त्यांच्या पाठीवर जाते. ग्रंथ जर्मन व लॅटिन अशा दोन्ही भाषांत निघाला. प्रकाशक ड्यूरर स्वतःच होता. लॅटिन आवृत्तीचा ग्राहक निरक्षर खासच नव्हे. संहितेत चार घोडेस्वार एकेक मुद्रा फुटताच क्रमाने अवतरतात. पूर्वीच्या ठशांतही ते एकत्र दिसत. ड्यूरर मात्र त्यांना एकाच झेपेत बांधतो. कथनातील क्रमाचे असे समकालिकतेत रूपांतर करणे हा अनुवाद नव्हे, ते भाष्य आहे.

हे भाष्य किती स्वायत्त होते, याची साक्ष १५२२ साल देते. लूथरच्या नव्या कराराच्या सप्टेंबरच्या आवृत्तीत क्रानाखच्या कार्यशाळेने बाबिलोनच्या वेश्येच्या मस्तकी पोपचा तिहेरी मुकुट चढवला. डिसेंबरच्या आवृत्तीत त्याच ठशावरील मुकुटाचे वरचे थर छाटलेले दिसतात. लाकडातून वजा करणे सोपे, भर घालणे कठीण. १५३४च्या बायबलात तो मुकुट परतला, तो नव्या ठशावर. प्रकटीकरणाच्या संहितेत पोपचा उल्लेख नाही. आरोप चित्राने केला होता, म्हणून सुरीही चित्रावरच चालली. चित्र केवळ संहितेची पुनरुक्ती करीत असते, तर ते छाटण्याची गरज कोणाला भासली नसती.