पदव्युत्तर मराठीतील ‘विकल्प’ : धाराशिवच्या दृष्टीने एक परामर्श

अभ्यासक्रम हा सामान्यतः समीक्षेचा विषय मानला जात नाही. तो विद्वत्सभेत संमत व्हावा, पुस्तिकेत छापला जावा आणि परीक्षेपर्यंत पाळला जावा, एवढेच त्याचे आयुष्य, अशी आपली समजूत असते. वस्तुतः अभ्यासक्रम हीही एक संहिता आहे. ग्रंथाप्रमाणे तिला रचना असते, तिने मनाशी धरलेला एक वाचक असतो. आणि ती काय सांगते यापेक्षा काय गाळते यावरून तिची दृष्टी पुष्कळदा अधिक स्पष्ट कळते. प्रस्तुत लेखात एम. ए. मराठीच्या अभ्यासक्रमातील ‘विकल्प’ या एकाच कल्पनेचा परामर्श घ्यावयाचा आहे. आणि तो धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या जागी उभे राहून घ्यावयाचा आहे. कारण विकल्पाची परीक्षा तो घोषित होतो त्या ठिकाणी होत नाही. जेथे तो विद्यार्थ्याच्या हाती पडावयाचा असतो तेथे होते.

व्याकरणशास्त्रात विकल्प या संज्ञेला नेमका अर्थ आहे. एखादे कार्य विकल्पाने होते असे म्हटले म्हणजे दोन्ही रूपे सिद्ध आहेत आणि बोलणारा त्यांपैकी कोणतेही वापरू शकतो, असे समजावयाचे. एकच रूप प्रत्यक्षात होत असेल तर त्या विधीस नित्य म्हणतात, मग सूत्रात ‘वा’ हा शब्द असो वा नसो. हीच कसोटी अभ्यासक्रमास लावली असता काय दिसते, ते पाहू.

प्रथम थोडा इतिहास. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू माध्यम स्वीकारले. भारतीय भाषेतून उच्च विद्या शिकविण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उस्मानाबादच्या मराठी विद्यार्थ्याला त्यात आपल्या भाषेचा लाभ मिळाला नाही. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा या प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठ प्रथमच मिळाले. १९९४ साली या विद्यापीठाचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले; त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाले, पण उस्मानाबाद जिल्हा जुन्या विद्यापीठाकडेच राहिला. पुढे उस्मानाबादला विद्यापीठाचा उपपरिसर उभा राहिला. तरीही आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाणारे ते विद्यापीठनगर धाराशिवपासून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर आहे. ज्यास केवळ भाषाविज्ञानात एम. ए. करावयाचे आहे त्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा रस्ता धरावा, अशी परंपरा आहे. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, किंवा ज्या मुलीला रोज संध्याकाळच्या एस. टी.ने गावी परतावयाचे आहे, त्यांच्या बाबतीत ‘पुण्यास जावे’ हा सल्ला विकल्पाचा नव्हे, नकाराचा आहे.

आता विद्यमान रचनेकडे वळू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रात २०२३–२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी चौकट आली. तीत दोन वर्षांचे ८८ श्रेयांक आहेत. त्यांपैकी ५४ मुख्य विषयाच्या अनिवार्य भागास, १६ ऐच्छिक अभ्यासपत्रिकांस, ४ संशोधनपद्धतीस, ४ कार्यानुभव अथवा क्षेत्रीय प्रकल्पास आणि १० संशोधन प्रकल्पास दिलेले आहेत. म्हणजे प्रत्येक सत्रात चार श्रेयांकांची एक पत्रिका विद्यार्थ्याने निवडावयाची. कागदावर ही व्यवस्था पूर्वीच्या आठ ठरीव पत्रिकांच्या परीक्षेहून निःसंशय उदार आहे. तिचा हेतू चांगला आहे, हेही मोकळेपणाने सांगावयास हवे.

परंतु ऐच्छिक पत्रिका शिकवावयास अध्यापक लागतो, वाचावयास ग्रंथ लागतात आणि पडताळावयास क्षेत्र लागते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी जेथे तोकड्या आहेत तेथे निवड विद्यार्थी करीत नाही, वेळापत्रक करते. ज्या विभागात दोन अध्यापक आहेत आणि त्यांपैकी एक तासिका तत्त्वावर आहे, तेथे चार ऐच्छिक पत्रिकांची यादी फलकावर लागते, आणि जी शिकविता येते ती सर्वांनी ‘निवडली’ असे कार्यालयात नोंदले जाते. सूत्रात ‘वा’ आहे. रूप एकच सिद्ध होते. वैयाकरण यास नित्य विधी म्हणेल.

येथवरचे गाऱ्हाणे नवे नाही, आणि ते केवळ पैशाचे व पदांचे असते तर त्यासाठी समीक्षालेख लिहिण्याचे कारण नव्हते. अधिक गंभीर गोष्ट तिसरी आहे. अध्यापक व ग्रंथ यांची वाण असलेल्या या जिल्ह्यात क्षेत्राची मात्र वाण नाही. उलट पुण्यामुंबईच्या विभागांना मोठ्या खर्चाने जे शोधीत जावे लागेल, ते येथील विद्यार्थ्याच्या घरी आहे. आणि नेमके तेच अभ्यासक्रमात कोठे नाही.

भाषाविज्ञानाची पत्रिका आपण कशी शिकवितो, ते आठवून पाहावे. भाषेची लक्षणे, स्वन आणि स्वनिम यांतील भेद, अर्थपरिवर्तनाची कारणे, आणि शेवटी ‘मराठीच्या बोली’ असे एक प्रकरण. त्यात अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी प्रदेशातील बोली यांची ठरलेली उदाहरणे. प्रस्तुत लेखकाने स्वतःही अनेक वर्षे असेच शिकविले. बोलीवरील प्रश्नाच्या उत्तरात विद्यार्थी वऱ्हाडीची उदाहरणे बिनचूक लिहीत आणि तास संपल्यावर दारात उभे राहून एकमेकांशी जे बोलत, त्याचा एकही शब्द उत्तरपत्रिकेत येत नसे. ते बोलणे म्हणजे ‘अशुद्ध’, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पण त्याविषयी कोणीही काहीही न सांगणे हेच पुरेसे होते. तो दोष विद्यार्थ्यांचा नव्हता.

या मौनाला इतिहासही आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. पण त्या सर्वेक्षणाच्या कक्षेत हैदराबाद संस्थान नव्हते. अर्थात उस्मानाबाद जिल्हाही नव्हता. १९६० नंतर डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची मौलिक पुस्तकमाला सुरू केली. तिच्या पहिल्या पुस्तकांनी दक्षिण कानडा, कुडाळ, महाड अशा कोकणपट्टीच्या दिशेने वाट धरली. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेऊन ध्वनिमुद्रित नमुने सर्वांस खुले केले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बाहेरून आलेल्या सर्वेक्षणात येथील माणूस माहिती देणारा असतो. प्रश्न विचारणारा नसतो. विद्यापीठीय शिक्षणाने जर काही करावयाचे असेल तर ते हेच की, ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला प्रश्न विचारावयास शिकवावे.

असा प्रश्न कसा असू शकतो, हे एका उदाहरणाने दाखवितो. या भागात ‘पाऊस पडायलाय’, ‘तो काम करायलाय’, ‘ती जायलीय’, ‘ते बोलायलेत’ ही रूपे रोज ऐकू येतात. प्रमाण मराठीत त्यांच्या जागी ‘पडतो आहे’, ‘करीत आहे’ अशी रूपे येतील. प्रथमदर्शनी वाटते की ‘करायला’ या प्रयोजनवाचक रूपास ‘आहे’ जोडले गेले असावे. परंतु ‘करायला’ हे रूप लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. ‘ती करायली गेली’ असे कोणी म्हणत नाही. उलट ‘करायलाय’ मात्र बदलते : करायलाय, करायलीय, करायलेत. तेव्हा यातील ‘ला’ हा प्रत्यय प्रयोजनवाचक नसून ‘लागला’ या भूतकाळवाचक रूपाचा अवशेष असावा, आणि मुळात ‘करायला लागला आहे’ अशी रचना असावी, असे अनुमान निघते. हे ग्राह्य धरल्यास अर्थाचाही प्रवास दिसतो : आरंभ दाखविणारी रचना झिजत झिजत चालू क्रिया दाखवू लागली. सकाळपासून कोसळणाऱ्या पावसालाही ‘पडायलाय’ म्हणतात, याचा उलगडा त्यातून होतो.

गोष्ट येथे संपत नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेस व पूर्वेस, उमरगा आणि नळदुर्गच्या बाजूला, कानडी मुलूख लागून आहे. उत्तर कर्नाटकातील बोलीत ‘तो करीत आहे’ या अर्थी ‘माडाकत्तान’ असे रूप आहे. ते ‘माडाक’ म्हणजे ‘करायला’ आणि ‘हत्तु’ या धातूचे रूप यांनी बनले आहे. आणि ‘हत्तु’ या धातूचा अर्थ आपल्या ‘लागणे’ या धातूप्रमाणेच चिकटणे असा आणि आरंभ करणे असाही आहे. दोन भिन्न कुळांतील भाषांनी शेजारी राहून एकाच साच्यात क्रियापद ओतले काय? की दोघींनी स्वतंत्रपणे तीच वाट धरली? ‘करायलाय’ हे रूप जिल्ह्यात कोठे विरळ होते, पश्चिमेस भूम-परंड्याकडे कोणते रूप अधिक चालते, कानडी घरांतील मराठी आणि मराठी घरांतील कानडी यांत काय आढळते, हे मोजल्यावाचून उत्तर देता येणार नाही. ते मोजावयास ज्याचे आजोळ मुरूमला आणि घर कळंबला आहे, असा विद्यार्थी हवा. असे विद्यार्थी आपल्या वर्गात बसतात आणि अहिराणीची लक्षणे पाठ करतात.

दुसरे उदाहरण तांड्यांचे. लमाण समाजाची गोरमाटी ही मराठीहून वेगळी भाषा. पण जनगणनेत बंजारी व लमाणी ही नावे हिंदीच्या सदराखाली एकत्र केली जातात. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. तीतील ‘हिंदी’ भाषकांचा आकडा पाहून कोणी भाषिक चित्र रेखाटील तर ते चुकेल. एम. ए. मराठीच्या वर्गात तांड्यावरून आलेला विद्यार्थी मराठीत पदवीधर झालेला असतो. आपल्या भाषेत मात्र तिचे एखादे वाक्य कसे लिहावे याचाही विचार त्याच्याकडून कोणी करवून घेतलेला नसतो. जो दोन भाषांत विचार करतो त्याच्याइतका भाषाविज्ञानास लायक विद्यार्थी कोण? पण आपली चौकट त्याला फक्त एका भाषेत ओळखते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, विद्यार्थ्याला ‘नेट’ व ‘सेट’ परीक्षा उत्तीर्ण व्हावयाच्या असतात. तेथे उमरग्याच्या क्रियापदाला गुण नाहीत. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. भाषाविज्ञान हा ‘नेट’चा स्वतंत्र विषय आहे. शिवाय स्वनिम ही संकल्पना ज्याने आपल्या कानाने पडताळली आहे, त्याला ती घोकावी लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे : अशा अभ्यासाने नोकरी मिळेल काय? प्रामाणिक उत्तर असे की, तशी हमी देता येत नाही. परंतु आज शिकविल्या जाणाऱ्या पत्रिकाही ती देत नाहीत. मात्र तांड्यावरच्या शाळेत शिकविणाऱ्याला मुलाची चूक आणि मुलाची भाषा यांतील भेद कळणे, ऐकलेले जसेच्या तसे टिपता येणे, आणि पुराव्याइतकेच विधान करण्याची सवय लागणे, ही कमाई कोणत्याही व्यवसायात वाया जात नाही.

तेव्हा मागणी नव्या पदांची नाही. ती वेगळी करावी आणि आग्रहाने करावी. येथील मागणी आहे त्या श्रेयांकांची आहे. क्षेत्रीय प्रकल्पाचे चार आणि संशोधन प्रकल्पाचे दहा, असे चौदा श्रेयांक आजच्या चौकटीत मोकळे आहेत. ग्रंथालयातील तीन पुस्तकांवरून चौथी वही भरण्यात ते आज खर्ची पडतात. तेच जिल्ह्याच्या भाषिक नोंदीस जोडावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने एका गावाची, एका घराची किंवा एका रूपाची नोंद करावी. बोलणाऱ्याची संमती घेऊन ध्वनिमुद्रण करावे. ते विभागात जपून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी मागच्याच्या खांद्यावर उभा राहील. कानडी किंवा उर्दू जाणणाऱ्या शेजारच्या अध्यापकास परीक्षक म्हणून बोलवावे. दहा वर्षांत आठही तालुक्यांचा संग्रह उभा राहील, आणि त्यावर बेतलेली ऐच्छिक पत्रिका ही या जिल्ह्याची स्वतःची पत्रिका असेल. ती शिकावयास पुण्याच्या विद्यार्थ्यालाही कदाचित इकडे यावे लागेल.

यात एक धोका आहे, तो लपवू नये. मूल्यमापन ढिले राहिले तर हीही प्रमाणपत्रांची जत्रा होईल, एकाच ध्वनिमुद्रणावर पाच प्रकल्प उभे राहतील. त्यावर उपाय अध्यापकाने स्वतः विद्यार्थ्याबरोबर गावात जाणे हाच आहे. तो कष्टाचा आहे, आणि आपण आजवर तो टाळला, हे कबूल केल्याखेरीज अभ्यासक्रमावर टीका करण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने शिलालेख व पोथ्या यांकडे लक्ष वळेल, आणि ज्या जिल्ह्यात प्राचीन तगर म्हणजे तेर आहे त्या जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु भाषेचे प्राचीनत्व तिच्या आजच्या बोलण्यातूनच चालत आलेले असते. ‘करायलाय’ म्हणणाऱ्या मुलीला आपल्या वाक्यात संशोधनाचा विषय आहे हे ज्या दिवशी वर्गात कळेल, आणि तरीही तिने मध्ययुगीन काव्य किंवा ग्रामीण कादंबरी निवडली, तर त्या दिवशी तिची निवड खरी होईल. दोन्ही रूपे सिद्ध असतील. आणि विकल्प हा शब्द आपण व्याकरणाच्या अर्थाने, म्हणजे खऱ्या अर्थाने, वापरू शकू.