जीर्णोद्धार की नवनिर्माण?

आपल्याकडे देऊळ जुने झाले की जीर्णोद्धाराचा संकल्प सुटतो, आणि पुष्कळदा जीर्ण तेवढे नाहीसे होऊन उद्धार मात्र सिमेंटाचा होतो. या प्रश्नाचा विचार करण्यास डिचोलीतील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय फार बोधप्रद आहे.

हे कदंब राजांचे कुलदैवत. दिवाडी बेटावरील मूळ देवालय बहामनी आक्रमणात भंगले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडले. लिंग नदी ओलांडून नार्व्यास आले आणि 13 नोव्हेंबर 1668 रोजी शिवछत्रपतींच्या आज्ञेने तेथे देवालयाचे काम सुरू झाले, असे शिलालेख सांगतो.

कदंबांची घडण पाहावयाची तर तांबडी सुर्ल्याच्या महादेवाकडे जावे. नार्व्यास तिचा मागमूस नाही. येथे उतरते कौलारू छप्पर, गर्भगृहावर अष्टकोनी बैठकीवर बसविलेला उथळ घुमट आणि समोर उंच दीपस्तंभ. कोकणच्या पावसाला छप्पर उत्तर देते. घुमट त्या काळी दख्खनच्या कारागिरांच्या हातात रुळलेला होता. जुन्याचे सोंग आणलेले नाही, म्हणूनच ही वास्तू खरी वाटते.

मग आजच्या महाजनांनी आपल्या काळाचे सिमेंट वापरले तर बिघडले कोठे? माझे उत्तर असे, की 1668 साली पाडण्याजोगे काही उरलेच नव्हते. भग्नावर बांधणे वेगळे आणि उभे असलेले मोडून बांधणे वेगळे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात मध्ययुगीन ग्रामचर्चांचे नेमके हेच झाले. शुद्ध गॉथिकच्या हव्यासाने भिंतींचा जुना गिलावा खरवडला गेला, मधल्या शतकांची भर काढून टाकली गेली. अखेर 1877 साली विल्यम मॉरिसने जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी मंडळ स्थापले. तोवर पुष्कळ गेले होते.

देऊळ हे संग्रहालय नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. अग्निपुराणातही जीर्णोद्धाराचा विधी आहे. गळके छप्पर देवावर ठेवावे असे कोण म्हणेल? परंतु न्यायालयांनी देवतेस नित्य अज्ञान मानले आहे, आणि अज्ञानाची मालमत्ता पालकाला गरज वा हित दाखविल्यावाचून मोडता येत नाही. 1933 च्या नियमावलीने कारभार महाजनांकडे दिला, मालकी नव्हे. भिंत पाडण्यापूर्वी हीच कसोटी लावावी : ती दुरुस्तीने टिकणार नाही, हे सिद्ध झाले आहे काय?

नार्व्याच्या देवालयाची सरकारने डागडुजी केली, ती 11 फेब्रुवारी 2023 रोजी लोकांसाठी खुली झाली. घुमट व कौले तीच राहिली. आमच्या कोरगावच्या श्रीकमळेश्वरापासून पेडण्यातील लहानशा घुमटीपर्यंत जेथे जेथे वर्गणीची वही उघडेल, तेथे पहिल्या पानावर हा प्रश्न लिहिला जावा.