युसुफचा कुर्ता आणि लांडगामाणूस

आठवीच्या वर्गावर आमचा मराठीचा तास चालू होता. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी हा विषय मुलांना थोडा परका वाटतो, म्हणून आम्ही अधूनमधून एखादी गोष्ट सांगतो. त्या दिवशी 'लांडगा आला रे आला' सांगितली. गोष्ट संपली. खोटे बोलू नये, हे तात्पर्य फळ्यावर लिहून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पण यात लांडग्याचं नाव खराब का? खोटं तर पोरगा बोलला ना!"

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण घरी जाताना त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. लांडग्यावर आळ घेण्याचा एक किस्सा आमच्या मुलांना लहानपणापासून पाठ असतो. हजरत युसुफ (अ.स.) यांच्या भावांनी त्यांना विहिरीत टाकले, त्यांच्या कुर्त्याला खोटे रक्त फासले आणि रडत रडत वालिद हजरत याकूब (अ.स.) यांना सांगितले की लांडग्याने युसुफला खाल्ले. तफसीरकार सांगतात, हजरत याकूब यांनी कुर्ता निरखून पाहिला. तो कुठेही फाटला नव्हता. मुलाला खाणारा पण कुर्त्याला धक्का न लावणारा हा कसला लांडगा? पुरावा तपासणारा बाप होता म्हणून लांडगा सुटला. कथा-कादंबऱ्यांत असा बाप दर वेळी भेटत नाही.

या लेखात आम्हांला ज्या पात्राविषयी लिहायचे आहे तो निव्वळ लांडगा नव्हे. तो लांडगामाणूस आहे. दिवसा तुमच्याआमच्यासारखा माणूस आणि ठरावीक रात्री लांडगा. पाश्चात्त्य साहित्यात तो सुमारे दोन हजार वर्षे वावरतो आहे. आपल्याकडे त्याला रूढ नाव नाही, कारण आपली भुते वेगळी. मात्र भुतांनाही जातधर्म असतो हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. कोकणातील भुतांच्या जुन्या यादीत 'खवीस' म्हणजे मुसलमानाचे किंवा सिद्दीचे भूत. शब्द अरबी 'खबीस'वरून आलेला. ब्राह्मणाचा मेल्यावर ब्रह्मराक्षस होतो, आमचा खवीस होतो. तेव्हा राक्षस कुणाला ठरवायचे आणि कुणी ठरवायचे, हा प्रश्न आम्हांला केवळ मनोरंजनाचा वाटत नाही.

सुरुवात खलनायकापासूनच झाली. रोमन कवी ओव्हिड याच्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये लायकॅऑन नावाचा राजा देवाला नरमांस वाढतो आणि शिक्षा म्हणून लांडगा होतो. येथे लांडगेपण हे पापाचे फळ आहे. माणूस आत जसा होता तसाच बाहेर दिसू लागला, एवढेच. ही कल्पना साहित्यापुरती राहिली असती तर बरे झाले असते. पण १५८९ मध्ये जर्मनीतील बेडबुर्ग येथे पीटर श्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला लांडगामाणूस ठरवून चाकावर बांधून हालहाल करून मारले. त्याच्या मुलीलाही सोडले नाही. कबुलीजबाब यातनांच्या धाकाने घेतलेला होता. म्हणजे आधी गोष्ट तयार होती, मग त्या गोष्टीच्या मापाचा माणूस शोधला गेला.

येथे एक नोंद आवश्यक आहे. या घटनेच्या साडेपाचशे वर्षे आधी, १०३७ मध्ये, इब्न सीना वारले. त्यांच्या 'अल-कानून फित्-तिब' या ग्रंथात 'कुतरुब' नावाच्या आजाराचे वर्णन आहे. रोगी माणसांपासून पळतो, रात्री कबरस्तानात भटकतो. इब्न सीनांनी त्याला उदासरोगाचा एक प्रकार मानले आणि उपचार सांगितले. हे ज्ञान ग्रीक वैद्यांकडून आले होते, सारे श्रेय आपल्याकडे ओढण्याची गरज नाही. मुद्दा इतकाच की एकाच लक्षणाकडे तबीब आजार म्हणून पाहत होता आणि न्यायाधीश गुन्हा म्हणून.

आता नायकाकडे वळू. बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने 'बिस्क्लाव्हरे' ही काव्यकथा लिहिली. एक सज्जन सरदार आठवड्यातले तीन दिवस लांडगा होऊन रानात राहतो. अंगावरचे कपडे तो एका पोकळ दगडाखाली लपवतो, कारण ते मिळाले नाहीत तर पुन्हा माणूस होता येत नाही. बायको लाडीगोडी लावून हे गुपित काढून घेते, आपल्यावर प्रेम करणाऱ्या दुसऱ्या सरदाराकरवी कपडे पळवते आणि त्याच्याशी लग्न करते. वर्षभराने राजा शिकारीला येतो. लांडगा धावत जाऊन राजाची रिकीब धरतो, त्याच्या पायाचे चुंबन घेतो. राजा चकित होतो आणि त्याला दरबारात नेतो. तेथे तो कुणालाही इजा करत नाही. हल्ला करतो तो फक्त दगा देणाऱ्या त्या दोघांवर. बायकोचे तर नाकच तोडतो. अखेर तिचा छळ करून सत्य वदवून घेतात आणि कपडे परत येतात. पण तो सर्वांसमोर कपडे घालत नाही. त्याला लाज वाटते. त्याला राजाच्या शयनगृहात एकटे सोडावे लागते.

ही लाज म्हणजे या कथेचा प्राण आहे असे आम्हांला वाटते. लांडग्याच्या कातड्यातही शरम शाबूत आहे, आणि ज्याला शरम आहे तो माणूसच, असे ही कवयित्री न बोलता सांगते. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कथेत ही जाण असावी याचे आश्चर्य वाटते.

पण कथा पुन्हा वाचली तेव्हा आमचे मन खट्टू झाले. लांडगा वाचला तो कशामुळे? निर्दोष होता म्हणून नव्हे. त्याने राजाच्या पायाचे चुंबन घेतले म्हणून. पाय धरण्याची संधी मिळाली नसती तर शिकारी कुत्र्यांनी त्याला फाडले असते आणि कुणाला खंतही वाटली नसती. आणि ती बायको? आपला नवरा जनावर होतो हे कळल्यावर ती घाबरली, या भीतीला कथेत फारशी किंमत नाही. नायक उभा करण्यासाठी खलनायकाची जागा रिकामी ठेवता येत नाही. लांडगा त्या जागेवरून उठला की तेथे एक बाई बसवली जाते.

हे लिहिताना एक जुनी आठवण येते. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही एका शहरात भाड्याने खोली पाहत होतो. घरमालक काकांशी अर्धा तास छान गप्पा झाल्या. आमच्या मराठीचे त्यांना कौतुक वाटले. चहा झाला, डिपॉझिटचा आकडा ठरला. मग त्यांनी नाव विचारले. नाव ऐकून ते क्षणभर थांबले आणि हसून म्हणाले, "तुम्ही अजिबात मुसलमान वाटत नाही हो!" ते खरोखर स्तुतीच करत होते. खोली मात्र 'घरच्यांना विचारून कळवतो' यावर राहिली ती राहिलीच. त्या दिवशी राजाच्या पायाशी बसलेला चांगला लांडगा म्हणजे काय ते आम्हांला कळले. त्याला दरबारात जागा मिळते, पण आपण लांडग्यासारखे नाही हे रोज नव्याने सिद्ध करण्याच्या अटीवर.

विसाव्या शतकात या पात्राला सर्वांत मोठी प्रसिद्धी दिली ती १९४१ च्या 'द वुल्फ मॅन' या अमेरिकन चित्रपटाने. त्याची पटकथा कर्ट सिओडमॅक यांची. ते जर्मन ज्यू होते आणि हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडून गेले होते. चित्रपटाचा नायक लॅरी टॅलबॉट एका तरुणीला वाचवायला धावतो आणि त्या झटापटीत त्याला लांडगा चावतो. पुढे तो स्वतःच लांडगा होऊ लागतो. ज्याचा बळी जाणार त्याच्या तळहातावर लांडगामाणसाला तारा दिसतो. ज्यूंवर ताऱ्याची खूण लादणाऱ्या त्या काळात एका निर्वासित ज्यू लेखकाला हा तारा सुचावा, यात अनेक समीक्षकांनी अर्थ शोधला आहे. लॅरी आपल्या बापाला परोपरीने सांगतो की माझ्यात काहीतरी घडते आहे. बाप सुशिक्षित, समजूतदार आहे, पण तो हे मनाचे खेळ समजतो आणि मुलाला खुर्चीला बांधून ठेवतो. शेवटी अंधारात, चांदीच्या मुठीच्या काठीने, तोच बाप लांडग्याला ठेचून मारतो. लांडग्याचा मुलगा होतो तेव्हा उशीर झालेला असतो. हजरत याकूब यांनी कुर्ता पाहिला होता. या बापाने काठी आधी उचलली.

आता आमच्या धंद्यातल्या माणसाकडे येऊ. जे. के. रोलिंग यांच्या तिसऱ्या हॅरी पॉटर कादंबरीत (१९९९) प्रोफेसर ल्युपिन हा शिक्षक आहे. ठिगळ लावलेला झगा, थकलेला चेहरा, आणि वर्गात मात्र असा रंगतो की मुले त्याच्या तासाची वाट पाहतात. भित्र्या नेव्हिलला तो सर्वांसमोर धीट करतो. बी.एड.च्या पुस्तकांत आदर्श शिक्षकाची जी लक्षणे आम्ही घोकली ती येथे चालतीबोलती दिसली. तो लहानपणी चावा बसलेला लांडगामाणूस आहे. तो रजेवर असताना स्नेप हा सहकारी त्याच्याच वर्गाला लांडगामाणसावर निबंध लिहायला देतो. एवढा शिष्ट दुष्टपणा शिक्षकांच्या खोलीत वावरलेल्यालाच ओळखू येईल. शेवटी स्नेप गुपित फोडतो आणि ल्युपिन पालकांची पत्रे येण्याआधीच राजीनामा देऊन सामान भरतो. त्याला कुणी काढत नाही. काढले जाण्याची त्याला इतकी सवय आहे की तो स्वतःच निघतो. हा प्रसंग वाचताना आमचे डोळे भरून आले हे कबूल करतो.

तरीही समीक्षकाने डोळे पुसून पुढे वाचावे. २०१६ मध्ये रोलिंग यांनी लिहिले की ल्युपिनचा आजार हे एचआयव्ही-एड्ससारख्या कलंक चिकटलेल्या आजारांचे रूपक आहे. हेतू चांगला आहे, पण रूपक लंगडते. ल्युपिन एका रात्री औषध घ्यायला विसरतो आणि खरोखरच मुलांच्या जिवावर बेततो. म्हणजे पालकांची भीती कथेनेच खरी ठरवली. पुढे २००५ च्या कादंबरीत ग्रेबॅक येतो, जो मुद्दाम लहान मुलांना चावतो. एचआयव्हीग्रस्त माणूस असा धोका नसतो. त्याच्या शेजारी बसून, त्याच्या ताटात जेवून कुणी आजारी पडत नाही. ज्याच्यावर खोटा आळ आहे त्याच्या बाजूने बोलताना लेखिकेने अशी उपमा निवडली जिच्यात आळ खरा आहे. एक चांगला ल्युपिन, एक वाईट ग्रेबॅक, अशी वाटणी केली की समतोल साधल्यासारखे वाटते. पण 'तुमच्यात काही चांगलेही असतात' हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे त्यांना या समतोलाची चव माहीत आहे.

मग खलनायकही नको, चांगला लांडगाही नको, तर लेखकाने करावे काय? आम्हांला दोन वाटा दिसतात. पहिली गाय एन्डोर यांच्या १९३३ च्या 'द वेअरवुल्फ ऑफ पॅरिस' या कादंबरीची. तिचा बर्ट्रांड खरोखर माणसे मारतो आणि लेखक त्यावर पांघरूण घालत नाही. पण त्याची गोष्ट घडते १८७० - ७१ च्या पॅरिसमध्ये. कम्यून चिरडताना त्या मे महिन्यात एका आठवड्यात हजारो माणसे रस्त्यावर गोळ्या घालून मारली गेली. एका लांडग्याने मारलेली माणसे बोटांवर मोजता येतात, आणि गणवेशातल्यांनी मारलेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. खरे लांडगे कोणते, हा प्रश्न वाचकाच्या अंगावर येतो. दुसरी वाट म्हणजे आरोपीलाच बोलू देणे. १६९१ मध्ये लिव्होनियात थीस नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याने न्यायालयात सांगितले की होय, मी लांडगा होतो, पण आम्ही देवाचे कुत्रे आहोत. चेटक्यांनी पळवलेले धान्य आम्ही नरकातून परत आणतो. न्यायाधीशांनी त्याला फटक्यांची शिक्षा दिली. त्याने मात्र आपली गोष्ट बदलली नाही.

आपल्याकडे २०२२ च्या 'भेडिया' या हिंदी चित्रपटाने थोडे धाडस केले. अरुणाचलच्या जंगलातून रस्ता काढायला आलेला ठेकेदारच लांडगा होतो, आणि लांडगा जंगलाचा राखणदार निघतो. ईशान्येकडच्या माणसांना परके समजण्यावरही त्यात चार शब्द आहेत. विनोदाच्या आतषबाजीत ते विरून जातात, पण बोलले गेले हेही कमी नाही.

आमच्या नवलेखकांना एकच सांगावेसे वाटते. खवीस पुसण्यासाठी फरिश्ता रंगवू नका. आपल्या कथांतून असे फरिश्ते पुष्कळ झाले. नेक, देशभक्त, शेजाऱ्यासाठी जीव देणारे. तीही राजाच्या पायाशी बसण्याचीच एक तऱ्हा आहे. पात्राला त्याचा खरा गुन्हा द्या, आणि न केलेला गुन्हा त्याच्या अंगाला लागू देऊ नका.

त्या प्रश्नानंतर आम्ही वर्गाला गृहपाठ दिला : हीच गोष्ट लांडग्याच्या तोंडून लिहा. बहुतेकांनी लांडगा बिचारा, शाकाहारी, मेंढरांचा दोस्त केला. ज्याने प्रश्न विचारला होता त्याच्या वहीत मात्र तीनच ओळी होत्या. "मला भूक लागली होती. मी मेंढरू खाल्लं. पोरगा आधी दोनदा ओरडला तेव्हा मी तिथं नव्हतो."

शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि दहापैकी दहा गुण दिले.