शेजारी कोण? : ख्रिस्ती नीतिबोध आणि मराठीतील तीन ग्रंथ

एखाद्या पुस्तकाला 'बोधपर' म्हटले की आपल्याकडे त्याची वाङ्मयीन बाजू संपली असे समजण्याची रीत आहे. शाळेत बक्षीस म्हणून द्यावे, देवघराजवळच्या फळीवर ठेवावे आणि चर्चेसाठी मात्र दुसरे पुस्तक काढावे! मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाच्या वाट्याला ही उपेक्षा दुहेरी आली. ते बोधपर, आणि त्यातून ख्रिस्ती. पुस्तकाने माणसाचे शील घडते का, हा जुना प्रश्न या वाङ्मयाने प्रामाणिकपणे अंगावर घेतला होता. त्याला तो कितपत पेलला, हे पाहण्यासाठी तीन ग्रंथ पुरेसे आहेत. त्यांतला एक गोव्याचा आहे, दुसरा बेळगावात जन्मलेल्या लेखकाचा आणि तिसरा नाशिक-नगरकडचा.

पहिला ग्रंथ फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्याचा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. भाषा मराठी, छंद ओवीचा आणि घाट पुराणाचा आहे. आरंभीचा प्रसंग मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. साष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंपुढे गाऱ्हाणे मांडतो. जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, आता आमचे मन रमवायला आणि आम्हांला मार्ग दाखवायला दुसरे पुराण द्या, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. नुसत्या आज्ञांनी माणूस जगत नाही, त्याला कथा लागते, हे त्या श्रोत्याला कळले होते आणि स्टीफन्स यांनाही. पण याच प्रसंगात ग्रंथाचे दुखणेही उघडे पडते. एका हाताने पोथी काढून घेणाऱ्या व्यवस्थेने दुसऱ्या हाताने दिलेली ही पोथी आहे. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ज्या बोलीत नीती सांगायची, तीच बोली नकोशी ठरली. सत्तेच्या सावलीत सांगितलेल्या धर्माला ऐकणाऱ्याचे मन किती मोकळेपणाने हुंकार देत असेल, ही शंका ओव्यांचे माधुर्य मान्य करूनही उरतेच.

दुसरे पुस्तक आपल्या अधिक जवळचे. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले. त्यांची 'यमुनापर्यटन' ही १८५७ ची कादंबरी मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला होता. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात आणि गावोगावच्या विधवांच्या कहाण्या ऐकतात. पुढे यमुनाच विधवा होते, केशवपनाचे संकट तिच्यावर येते आणि अखेर ती उघडपणे ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. त्या काळी इतक्या दुःखी स्त्रियांना बोलते करणे ही लहान गोष्ट नव्हती. 'ऐकून घेणे' हाच या कादंबरीचा खरा नीतिधर्म आहे.

तरी समीक्षकाने स्पष्ट बोलावे. यमुना स्वतः घडत नाही, ती आधीच घडलेली आहे. पहिल्या पानावर ती जितकी शहाणी आणि क्षमाशील, तितकीच शेवटच्या पानावरही. तिला मोह होत नाही, ती चुकत नाही, रात्रभर तळमळून सकाळी मत बदलत नाही. शिवाय तुलना विषम आहे. एका बाजूला हिंदू घरांतला रोजचा प्रत्यक्ष व्यवहार आणि दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती धर्माचा आदर्श, असा तराजू धरला तर कोणतेही पारडे हवे तसे झुकवता येते.

गंमत अशी की, या कादंबरीवरचे उत्तम उत्तर पदमनजींनीच पुढे लिहून ठेवले. 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र १८८८ चे. गुप्तपणे चालणाऱ्या परमहंस सभेत वावरलेला, मनाने ख्रिस्ताकडे ओढला गेलेला हा तरुण घरच्यांच्या आणि जातीच्या धाकाने किती काळ घुटमळतो! १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेण्यापूर्वीची ती चालढकल, ते भय, मनाशी चाललेला तो हिशेब वाचताना आपण लेखकाच्या बाजूने होतो, मग आपला धर्म कोणताही असो. निर्दोष यमुनेपुढे आपण फक्त मान डोलावतो. कचरणाऱ्या बाबांपुढे मात्र स्वतःची कचराई आठवते. पश्चात्ताप ही ख्रिस्ती नीतीतली मध्यवर्ती गोष्ट आहे, आणि पश्चात्ताप करायला आधी चुकलेला माणूस लागतो. कादंबरीकाराला तो सापडला नाही, आत्मचरित्रकाराला सापडला.

तिसरा ग्रंथ या वाटेचे शिखर आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. ख्रिस्ती नीतीचा ग्रंथ म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि तिचे सामर्थ्य नेमके तिथेच आहे. आरंभ होतो तो लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याने. सत्तावनच्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्यातून या गृहस्थांना विटाळाचे वेड लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही! अशा घरातली मुलगी नारायण वामन टिळकांच्या संसारात येते. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती होतात. ती कोसळते, त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहते, मग परत येते, पण आपले सोवळे सांभाळूनच. जातिभेद हा माणसाने केलेला आहे, हे तिला कोणा प्रवचनकाराने पटवून दिलेले नाही. ते तिचे तिलाच, विचार करता करता उमगले. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही ती संत झाली नाही. ती चिडते, हसते, नवऱ्याच्या उधळेपणावर आणि तापट स्वभावावर खुशाल टीका करते, आणि त्याच नवऱ्याच्या मोठेपणाला दादही देते.

स्पर्शाला भिणाऱ्या घरातली ही बाई पुढे अनाथ मुले पोटाशी धरते. हा प्रवास म्हणजेच शीलाची घडण. लक्ष्मीबाई त्याला नाव देत नाहीत, त्याचे तात्पर्य काढीत नाहीत. स्वतःवर हसण्याची त्यांची सवय हीच त्यांची नम्रता आहे. मराठी कीर्तनाचा, ओवीचा आणि घरगुती बोलण्याचा संस्कार त्यांनी टाकून दिला नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भूमिका होती. ती ध्यानात घेतली तर या नीतीला परकी म्हणणे कठीण जाते. आपले अवगुण स्वतःच्या तोंडाने सांगण्याचा धडा तुकोबांनी मराठीला आधीच दिला होता.

या तीन ग्रंथांवरून एक निष्कर्ष काढता येतो. उपदेश माणसाला काय करावे ते सांगतो, पण शील घडते ते चुकत, लाजत आणि पुन्हा उठत चाललेल्या माणसाच्या सोबतीने. म्हणून बोधपर असणे हा पुस्तकाचा दोष नव्हे. बोध करणाऱ्याने स्वतःला त्यातून वगळणे, हा दोष.

ख्रिस्ताने सांगितलेली वाटसरूची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. एका शास्त्र्याने विचारले, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल आली ती लुटारूंनी घायाळ केलेल्या माणसाची गोष्ट. त्याच्या धर्मातले दोन प्रतिष्ठित पुरुष बगल देऊन गेले. थांबला तो शोमरोनी, ज्याचे देवस्थान वेगळे आणि ज्याच्याशी जुने वैर. आपल्या जिल्ह्यांत एकाच भिंतीच्या अलीकडे मराठी आणि पलीकडे कानडी, कोकणी किंवा हिंदी बोलली जाते. आपल्या भाषेचा हक्क मागताना आपण कधीच ओशाळे होऊ नये. पण शेजारधर्म हा अस्सल मराठी शब्द आहे आणि त्याला भाषेची अट नाही. मुलांना यमुना वाचायला द्यावी, इतिहास म्हणून. लक्ष्मीबाई मात्र त्यांच्याबरोबर बसून वाचाव्यात, आणि वाचताना आपण कुणाचे हात धुतल्याशिवाय घरात घेत नाही, हे एकदा मनाशी मोजून पाहावे.