'येतो' म्हणून निघताना : परदेशाच्या तीन निरोपांविषयी

मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही. चुकून म्हणालाच, तर घरातले वडीलधारे माणूस लगेच दटावते, "जातो नाही, येतो म्हणावं." 'जातो' हे क्रियापद आपण अखेरच्या निरोपासाठी राखून ठेवले आहे. तुकोबांच्या निर्याणाच्या अभंगात ते का येते, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गणपतीलाही आपण नुसते जाऊ देत नाही. विसर्जनाच्या वाटेवरच पुढच्या वर्षीचे आमंत्रण देऊन ठेवतो.

पण जिथे परत यायचेच नाही, तिथून निघताना काय म्हणायचे? हा प्रश्न मला प्रथम पुस्तकात भेटला नाही. मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून सतरा वर्षे काढली आणि कायमचा परत निघालो, त्या रात्री तो भेटला. खोलीतला सोबती केरळचा होता. टॅक्सी खाली उभी होती. मी सवयीने मराठीतच 'येतो' म्हणालो. त्याला मराठी येत नव्हते, पण तो म्हणाला, "पोयिट्टु वा." म्हणजे जाऊन ये. त्याच्याही भाषेत नुसते 'जा' म्हणत नाहीत. माझा व्हिसा रद्द झाला आहे, हे दोघांनाही ठाऊक होते.

गावी आल्यावर वाचनालयातल्या चरित्रांच्या आणि प्रवासवर्णनांच्या कपाटापाशी मी हाच प्रश्न घेऊन बसू लागलो. माझे वाचन शिस्तीत झालेले नाही. पदवी वाणिज्याची, तीही बाहेरून दिलेली. पण एक गोष्ट पानोपानी जाणवत गेली. परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या कथेत इथून निघण्याला मोठी जागा असते : विरोध करणारे नातेवाईक, प्रायश्चित्ताची धास्ती, बंदरावरची गर्दी. परत येण्यालाही असते : मुंबईचा धक्का, हारतुरे, नाही तर बहिष्कार. तिथून निघण्याला मात्र दोनचार ओळी मिळतात. परदेशातली वर्षे आपण कंसातल्या मजकुरासारखी वाचतो. कंस मिटला की मूळ वाक्य पुढे चालू. माझे म्हणणे असे की, माणूस तिथे काय होऊन बसला होता, हे तो तिथून निघतानाच दिसते. आणि ही जागा गाळल्यामुळे काही परिचित आयुष्ये आपण अर्धीच वाचली आहेत. तीन उदाहरणे घेतो.

१

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्याआधी फेब्रुवारीत सेरामपूर येथे केलेल्या भाषणात, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन इथे राहीन, असा शब्द त्यांनी जाहीरपणे दिला होता. म्हणजे परतणे ही जाण्याची अटच होती. आपल्याकडचे बहुतेक लेखन त्यांना या शब्दाने मोजते. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, शब्द पाळला.

पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावी एक दुसरे नाते उभे राहिले होते. थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंविषयीचा पत्रव्यवहार वाचला आणि १८८० पासून दोघींची पत्रे सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण आपण सहज वापरतो. इथे ती अक्षरशः घ्यावी लागते. लहानपणी आईच्या हातून खाल्लेल्या माराची हकिकत आनंदीबाईंनी लिहिली, ती या मावशीला. जून १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि आधी गेल्या त्या मावशीच्याच घरी. तिथून पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोपाळरावांसह त्या परत निघाल्या. क्षय शरीरात होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. नोव्हेंबरात मुंबई, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. इथे आपली कथा संपते. पुढे घडले ते बहुधा शेवटची माहिती म्हणून सांगितले जाते : गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, ती ठेवली गेली. तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे.

मला ही माहिती शेवटची वाटत नाही, मधली वाटते. अस्थी नाशिकला न्यायच्या की काशीला, हे घरची माणसे ठरवतात. आणि त्या ठरवण्यातून मेलेल्या माणसाचे घर कोणते मानले, ते कळते. इथे रक्षा समुद्र ओलांडून गेली. ज्या नवऱ्याच्या हट्टाच्या कथा आपण एवढ्या रंगवून सांगतो, त्यानेच मावशीचा हक्क मान्य केला. श्री. ज. जोशी यांची १९६८ ची कादंबरी असो की २०१९ चा चित्रपट, दोन्हींचे नाव 'आनंदी गोपाळ'. हे दोघांचे नाव आहे. तिसऱ्या माणसाला त्यात जागा नाही. ती चौकट चुकीची नाही, पण तिच्यात न्यूयॉर्कच्या धक्क्यावरचा निरोप मावत नाही. सेरामपूरला दिलेला शब्द त्यांनी पाळला, हे खरे. मावशीकडे त्या परत गेल्या, हेही तितकेच खरे.

२

आनंदीबाईंच्या पदवीदानाला इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पाहुण्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्या थोड्या दिवसांसाठी आल्या आणि १८८८ च्या अखेरपर्यंत अमेरिकेत राहिल्या. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' निघाले. या पुस्तकाची सुरुवात लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया या जलप्रवासाने होते. पुढे राज्यव्यवस्था, घरगुती जीवन, शिक्षण, धर्मपंथ आणि परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती अशी विषयवार मांडणी आहे. निरोपाला किंवा परतीला स्वतंत्र प्रकरण नाही. प्रवासाने सुरू झालेले पुस्तक प्रवासाने मिटत नाही.

पहिल्या वाचनात मी याची उणीव म्हणून नोंद केली होती. ती आता खोडतो. रमाबाईंनी निरोप घेतलाच नव्हता. त्याऐवजी त्यांनी करार केला होता. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. हिंदू विधवांसाठी निघणाऱ्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे तिने पत्करले. निघण्याच्या क्षणी गळ्यात पडण्याऐवजी वर्षावर्षाचा हिशेब, अहवाल आणि देणगी यांचा धागा बांधून त्या निघाल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानाची तारीख मी वर दिली आहे. बरोबर तीन वर्षे. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

दहा वर्षे भरत आली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि हिशेबाला उभ्या राहिल्या. त्यांचे 'येते' असे खरे झाले. मात्र या धाग्याची किंमतही पडली. तिकडून येणाऱ्या पैशामागे धर्मांतराचा हेतू आहे, हा संशय इथे बळावत गेला आणि १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार शारदा सदनापासून दूर झाले. रमाबाईंवरच्या आपल्या वादात धर्माची चर्चा उदंड झाली. तिकडे दिलेला शब्द आणि इकडे मागितलेला शब्द अशा दोन शब्दांमध्ये एक बाई उभी होती, ही बाजू त्या मानाने कमी पाहिली गेली.

३

तिसरा निरोप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला. तिथला अभ्यास ऐन रंगात असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये परत निघावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली. म्हणजे हा 'येतो' कागदावर, मुदतीसह लिहिलेला होता. महायुद्ध चालू होते. पुस्तकांच्या पेट्या दुसऱ्या बोटीने पाठवल्या होत्या. ती बोट पाणतीराच्या माऱ्यात बुडाली. माणूस पोचला, पुस्तके समुद्रात.

चरित्रांमध्ये हा प्रसंग दुर्दैव म्हणून येतो आणि कथा बडोद्याकडे वळते. तिथे नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानाला राहायला खोली मिळाली नाही; पारशी मुसाफिरखान्यातून हाकलून देण्यात आले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हा प्रसंग सांगताना त्यांनी आधी एक गोष्ट नोंदवली आहे : परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर 'आता जायचे कुठे' या प्रश्नाने ती जागी झाली. हे वाचल्यावर लंडनच्या निरोपाचा अर्थ बदलतो. पुस्तकांच्या पेट्यांची भरपाई कधी तरी होऊ शकते. बाबासाहेबांनी मागे सोडली ती एक अशी जागा, जिथे खोली मागताना जात सांगावी लागत नव्हती.

इथे आपल्या समीक्षेची एक सवय उघडी पडते. परदेश म्हणजे परका आणि परतणे म्हणजे घरी येणे, हे आपण गृहीत धरून वाचतो. पुण्यामुंबईच्या पांढरपेशा लेखकाच्या प्रवासवर्णनाला हे गृहीतक चालून जाते, कारण परतल्यावर त्याची खुर्ची जागेवर असते. बाबासाहेबांच्या बाबतीत ते उलटे पडते. त्यांनी शब्द मात्र पाळला. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये मुदतीच्या आत ते लंडनला परत पोचले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मराठीतला 'येतो' इतक्या कष्टाने खरा केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

४

एकीची रक्षा परत गेली, दुसरी हिशेब घेऊन गेली, तिसरा अभ्यास पुरा करायला गेला. तिघांचाही परदेशाशी संबंध बोट सुटली तेव्हा संपला नाही. म्हणून त्या निरोपाला उपसंहारात ढकलू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. चरित्रकाराने इथल्या बंदरावरच्या गर्दीचे वर्णन केले असेल, तर तिथल्या बंदरावर कोण उभे होते, तेही विचारावे. तिथे काय सोडले, कोणाला कोणता शब्द दिला आणि पुढे त्या शब्दाचे काय झाले, हे विचारावे.

हे काम एकट्याचे नाही. आफ्रिकेत, ब्रह्मदेशात, इंग्लंडात, आखातात वर्षानुवर्षे राहून आलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत किंवा होऊन गेली आहेत. त्यांनी तिकडून धाडलेले पहिले पत्र आपण जपून ठेवतो. सुखरूप पोचल्याचे असते म्हणून. वाचकांना माझी विनंती आहे की, ट्रंक उघडाल तेव्हा तिकडून आलेले शेवटचे पत्रही शोधावे. आणि ती माणसे इकडे आल्यावर तिकडून त्यांना पत्रे येत असतील, तर ती त्याहून आधी शोधावीत. माझ्याजवळ अशी दोन आहेत, केरळातल्या एका गावाहून आलेली. एकाचे उत्तर द्यायचे राहून गेले आहे.